चौदावं कलम आणि आमचे मिस्त्री

माझ्या सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. सासूबाई होत्या तेव्हा त्याही म्हणायच्या, "अहो मिस्त्री, पाणी निवतंय, आंघोळीला उठा." मी लग्न होऊन आल्यावर बाबा म्हणायला सुरुवात केली, तर पहिले आठ दिवस ते हाकेला ओ देईनात. बाबा म्हणून कोणाला हाक मारतेय ते बघायला मागे वळायचे.

एकेचाळीस वर्षं त्यांनी एकाच कारखान्यात लाकूडकाम केलं. दारं, खिडक्या, कपाटं, शाळांचे बाक. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. उरलेलं कधीतरी रंध्याच्या मशीनने खाल्लं. निवृत्त झाल्यावरही कानामागची पेन्सिल काही सुटली नाही. झोपताना काढून उशाशी ठेवायचे आणि उठल्यावर चष्म्याच्या आधी ती कानावर चढवायचे. कोणाच्याही घरी गेले की आधी टेबल हलवून बघायचे. टेबल डुगडुगलं तर यजमानांकडे असं बघायचे की त्या बिचाऱ्यांना चोरी पकडल्यासारखं व्हायचं. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या दिवाणखान्यातलं कपाट त्यांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. बिजागरी मी बदलून देतो."

कारखान्यात दोन सुतारांचं वाजलं की प्रकरण मालकांकडे जायच्या आधी मिस्त्रींकडे यायचं. त्यांची एक ठरलेली रीत होती. दोघांना एकत्र बसवायचं नाही. आधी एकाला घरी बोलवायचं, समोर चहा ठेवायचा आणि गप्प बसायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. मी एकदा विचारलं, "दोघांना समोरासमोर का बसवत नाही?" तर म्हणाले, "सूनबाई, समोरासमोर बसले की दोघंही वकील होतात. एकेकटा बसला की माणूस होतो. फळ्या जोडायच्या तर आधी एकेक फळी वेगळी रंधून घ्यावी लागते." आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर कधी जायचं नाही. तो भाग तिजोरीतला. मी खोदून खोदून विचारायची, तर म्हणायचे, "ते माझ्यापाशी ठेवायला दिलंय. माझं नाही ते."

मला या सगळ्याचं फार कौतुक होतं. आता त्या कौतुकाचाच राग येतो.

कारखान्याच्या जुन्या मालकांना दोन मुलगे. थोरला आणि धाकटा. दोघं मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत भुशात लोळून मोठे झाले. ते भागीदार झाले तेव्हा वडिलांनी रीतसर करारनामा करून घेतला आणि त्यात चौदावं कलम घातलं: भागीदारांत मतभेद झाल्यास कोणीही कोर्टात जाऊ नये, मिस्त्रींना लवाद मानून त्यांच्यापुढे जावं आणि ते देतील तो निवाडा दोघांनी पाळावा. साक्षीदार म्हणून सहीही मिस्त्रींचीच. सही करायला ते मशीनवरून तसेच उठून गेले होते. लाकूड चिकटवायच्या सरसाने माखलेल्या अंगठ्याचा डाग त्या कागदावर अजून आहे.

"तुम्ही तो वाचला होतात?" मी विचारलं.

"मालकांनी वाचून दाखवला."

"मग चौदावं कलम माहीत होतं तुम्हाला?"

"मशीन चालू होतं गं तेव्हा," मिस्त्री म्हणाले.

वडील गेले, दोन भावांनी वीसेक वर्षं कारखाना नीट चालवला. लाकडाची पारख आणि गिऱ्हाइकांकडची मापं थोरल्याची, मशीनं आणि माणसं धाकट्याची. मग एक दिवस थोरल्याने जाहीर केलं की जागा विकायची. कारण काय? तर, "पुरे झालं." त्याच्या बायकोच्या भावाने, म्हणजे मेहुण्याने, इमारती बांधणारा एक गिऱ्हाईकही आणून उभा केला. धाकटा भडकला. त्याने कोर्टात जाऊन विक्रीला मनाई आणली. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत आहे तसं राहू द्या. विकायचं नाही आणि नवं कामही घ्यायचं नाही. कारखान्याला कुलूप लागलं. सात सुतार रोज सकाळी येऊन दारासमोरच्या पायरीवर बसायचे आणि दुपारी घरी जायचे. आत रचलेलं लाकूड तसंच पडून.

कोर्टात थोरल्याच्या वकिलाने करारनामा काढला. म्हणाला, हा दावा इथे चालूच शकत नाही, चौदावं कलम वाचा. न्यायाधीश एक बाई होत्या. साखळीला अडकवलेला चष्मा चढवून त्यांनी ते कलम दोनदा वाचलं. धाकट्याचा वकील म्हणाला, हे मिस्त्री कारखान्याचे नोकर होते, त्यांना निःपक्षपाती कसं म्हणायचं? बाईंनी सरळ दोघा भावांनाच विचारलं. म्हणाल्या, "ही हरकत खरी आहे. पण हे माहीत असूनही तुम्हा दोघांना हेच गृहस्थ चालत असतील तर तसं आज लिहून द्या. मग तुमच्या वडिलांनी ठरवलेली आणि तुम्ही सही केलेली गोष्ट गैरसोयीची वाटली म्हणून मी बाजूला सारणार नाही."

धाकट्याने मागच्या बाकावर बसलेल्या मिस्त्रींकडे बघितलं आणि आधी त्यानेच सही केली. थोरल्याच्या वकिलाने बोट ठेवून जागा दाखवली, तिथे थोरल्याने केली.

घरी येताना मिस्त्री जिन्यात थांबून एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याने मरता मरता माझ्या मानेवर जू ठेवलं."

आता इथे मी येते. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. आवक-जावक वही माझ्याकडे. शाळेत आलेला एकही कागद नोंदीशिवाय माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही, आणि त्याचा मला नको इतका अभिमान. मी म्हटलं, "बाबा, एवढं मोठं काम आहे, नोंद ठेवायला हवी." ते म्हणाले, "ठेव. पण कोण आला, कधी आला, एवढंच लिही. काय बोलला ते लिहायचं नाही." वकिलाला विचारून घेऊ या असंही मी सुचवलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. तर म्हणाले, "दोघांचे दोन वकील आहेतच. आपण तिसरा केला की तिसरी बाजू तयार होते." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी कोरी वही आणली, पट्टीने रकाने आखले: तारीख, नाव, आले, गेले, सोबत कोण.

पहिली बैठक दोघांची एकत्र झाली, आमच्याच पुढच्या खोलीत, वकिलांसह. वकिलांनी कागदांचे गठ्ठे टेबलावर ठेवले. दोघा भावांनी घड्याळाकडे बघून भाषणं केली. एकमेकांना "हे" म्हणत होते. हे असं म्हणतात, ह्यांनी तसं केलं. तासाभराने सगळे उठले. मिस्त्री रिकाम्या कपांकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "सूनबाई, असं नाही जमायचं. मी आपल्या रीतीने करतो."

दोघं वेगवेगळ्या दिवशी यायला लागले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला. चोरून नव्हे, प्रत्येकाला माहीत होतं की दुसराही येतोय. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात प्लायवूडची भिंत आहे, तीही मिस्त्रींनीच घातलेली, आणि पलीकडे कोणी उसासा टाकला तरी अलीकडे ऐकू येतो. मी कान लावत नव्हते. पण कान काही काढून ठेवता येत नाहीत.

थोरला पहिल्या भेटीत हवापाण्याचं बोलला. दुसऱ्या भेटीत वडिलांचं. तिसऱ्या भेटीत खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मिस्त्रीकाका, मला टेपवरचे आकडे दिसत नाहीत."

मिस्त्रींनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"समोर बघितलं की मधोमध धूर. कडेचं दिसतं. तुमच्या तोंडाकडे बघायचं तर तुमच्या शेजारच्या खुंटीकडे बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणखी जाईल."

"घरी माहीत आहे?"

"कोणालाच नाही. मापात मोठी चूक होऊन नाव जायच्या आत बंद करतोय. आणि काका, धाकट्याला हे कळता कामा नये. तो माझ्याशी भांडतो ते मी सोसेन. त्याने माझा हात धरून रस्ता ओलांडून दिला, तर ते मला नाही सोसायचं."

"माझ्याकडून नाही कळणार," मिस्त्री म्हणाले.

मी वहीत लिहिलं: आले पाच दहा, गेले सहा पस्तीस, सोबत कोणी नाही.

चार दिवसांनी धाकटा आला. तो आल्या आल्या भडाभडा बोलणारा. दादाला माझ्यावर विश्वास नाही, दादाला मी अजून पोरच वाटतो, मी एकटा कारखाना चालवून दाखवतो की नाही बघा. मिस्त्रींनी त्याला दुसरा चहा दिला. मग तिसरा. तिसऱ्या कपानंतर त्याचा आवाज खाली आला.

"दादा आजारी होता तेव्हा त्या शाळेच्या दारांचं लाकूड मी आणलं होतं, आठवतं?"

"आठवतं. तीन महिन्यांत पिळवटली सगळी दारं."

"तुम्ही आणि दादाने गुपचूप नवी करून दिलीत. मला कोणी काही बोललं नाही. काका, तो नुसता हात फिरवून सांगतो, ही फळी घे, ती ठेव. वास घेऊन सांगतो. मला ते येत नाही, आणि आता या वयात येणारही नाही. त्याच्याशिवाय हा कारखाना मी वर्षभरात बुडवीन."

"मग त्याला सांग की हे."

"मरेन पण सांगणार नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही. शपथ आहे."

"शपथ कशाला? मी काय पहिल्यांदा ऐकतोय?" मिस्त्री म्हणाले.

मी स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून उभी. इतकं सोपं! एकाला दिसत नाही, दुसऱ्याला पारख नाही. एकाची पारख आणि दुसऱ्याचे डोळे एकत्र केले की झाला की कारखाना. धावत बाहेर जावं आणि दोघांना फोन करून एकाच वेळी सांगून टाकावं, असं मला झालं. मिस्त्री आत आले तेव्हा मी तोंड उघडलं, पण त्यांनी आधीच हात वर केला. "तू काही ऐकलेलं नाहीस."

एकूण सात भेटी झाल्या. मग मिस्त्रींनी निवाडा सांगितला आणि मी तो शाळेच्या ऑफिसातल्या मशीनवर टाईप केला, सुट्टीच्या दिवशी, मुख्याध्यापकांची परवानगी काढून. चार ओळींचा निवाडा. कारखाना विकायचा नाही. लाकूड फक्त थोरल्याने निवडायचं, त्यात दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. सगळी मापं धाकट्याने घ्यायची आणि सही त्याची. थोरल्याने टेप हातात धरायचा नाही.

"कारणं?" मी विचारलं. "निकालात कारणं लिहायला लागतात ना?"

"कारणं माझी नाहीत," मिस्त्री म्हणाले. "ज्यांची आहेत त्यांना माहीत आहेत."

दोघांना बोलावून त्यांनी निवाडा मोठ्याने वाचून दाखवला. धाकटा खाली मान घालून ऐकत होता. टेपचं वाक्य आलं तसा थोरला खुंटीकडे बघून किंचित हसला. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. पण चहाचा ट्रे आणला तेव्हा धाकट्याने एक कप उचलून थोरल्याच्या हाताशी सरकवला. थोरल्याने तो घेतला. ते दोघं गेल्यावर मिस्त्री खुर्चीत मागे टेकले. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते टेकून बसलेले मी बघितले. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच गुणगुणत कप विसळले.

दुसऱ्या दिवशी मी निवाड्याच्या प्रती दोघांना रीतसर पाठवल्या. आणि सोबत, काम किती मेहनतीने झालंय ते कळावं म्हणून, वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स जोडल्या. खाली लाल शाईने लिहिलं: जोडपत्र, भेटींची नोंद, पाने चार. पाकीट चिकटवताना मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. 

थोरल्याच्या घरी ते पाकीट मेहुण्याने उघडलं. टपाल वाचायची वेळ आली की थोरला हल्ली ते मेहुण्याच्या हातात द्यायचा. चष्मा सापडत नाही, तू वाच. मेहुण्याला गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने ती चार पानं वकिलाला नेऊन दाखवली. वकिलाने म्हणे कपाळाला हात लावला आणि मग हसला. महिन्याभरात कोर्टात अर्ज पडला: हा निवाडा रद्द करावा. खाली थोरल्याची सही.

धाकट्याने आमच्या घरी येऊन तो अर्ज मिस्त्रींसमोर आपटला. "बघा तुमचा थोरला! चहा पिऊन गेला आणि हे केलं." मिस्त्रींनी सही बघितली. ओळीच्या बरीच वर, तिरपी गेलेली. अर्जाची घडी घालून त्यांनी तो धाकट्याला परत दिला. मला मात्र लख्ख कळलं. मेहुण्याने कागद पुढे ठेवला असणार, इथे सही करा म्हणाला असणार, आणि काय लिहिलंय ते वाचून दाखव असं म्हणायची थोरल्याची हिंमत झाली नसणार.

"बाबा, हे त्याला सांगा," धाकटा गेल्यावर मी म्हटलं. मी जवळजवळ ओरडलेच. "थोरल्याने वाचलेलंच नाही!"

"तसं सांगायचं म्हणजे का वाचलं नाही ते सांगायचं."

"मग सांगा ना! कारखाना जाईल."

"जाईल," मिस्त्री म्हणाले.  "मला काय कळत नाही? एकेचाळीस वर्षं काढलीत मी तिथे. पण त्याने मला सांगितलं ते मी कोणाला सांगणार नाही म्हणूनच सांगितलं ना?"

सुनावणीला आम्ही गेलो. मिस्त्रींना कोणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून गेले, इस्त्रीचा सदरा घालून. पेन्सिल मी कानावरून काढून घेतली. वकिलाने माझी चार पानं हातात धरून एकेक ओळ वाचली. तारीख, वेळ, सोबत कोणी नाही. तारीख, वेळ, सोबत कोणी नाही. माझं सुवाच्य अक्षर मला त्या दिवशी वैऱ्यासारखं वाटलं.

न्यायाधीशबाईंनी मिस्त्रींना ओळखलं. अशा वेळी लवादाला सहसा काही विचारत नाहीत म्हणे, पण त्यांनी विचारलं, "काका, ही नोंद खरी आहे?"

"अगदी खरी. आमच्या सूनबाईने ठेवली आहे," मिस्त्री उभं राहून म्हणाले. "सात वेळा भेटलो. वेळेत एका मिनिटाचा फरक नसेल."

मागे कोणीतरी हसलं.

"प्रत्येक वेळी एकट्यालाच? दुसऱ्याच्या गैरहजेरीत?"

"हो. एरवी खरं बोलत नाहीत माणसं."

"आणि एकाने जे सांगितलं ते दुसऱ्याला सांगून, त्यावर तुझं काय म्हणणं आहे, असं विचारलंत?"

"छे! ते कसं सांगणार?"

बाईंनी चष्मा काढला. "या चार ओळींना कारण काय, तेही इथे नाही. निदान थोरल्यांनी टेप हातात धरायचा नाही, हे का, तेवढं आता सांगू शकाल?"

मी मिस्त्रींच्या सदऱ्याची बाही धरली होती. सांगा, सांगा, सांगा, असं मी मनात म्हणत होते. ते थोरल्याकडे बघत होते. थोरला ताठ बसून समोर बघत होता, म्हणजे काहीच बघत नव्हता.

"ते माझ्यापाशी ठेवायला दिलंय," मिस्त्री म्हणाले.

मग बाईंनी जे सांगितलं ते त्यांनी मिस्त्रींकडे बघून, सावकाश, जवळजवळ घरच्यासारखं सांगितलं. लवाद म्हणजे न्यायाधीशच. त्याने एकाचं ऐकायचं ते दुसऱ्याच्या समोर ऐकायचं, कारण जे दुसऱ्याला माहीतच नाही त्याला तो उत्तर कसं देणार? दुसरा असतो मध्यस्थ. तो दोघांना वेगवेगळं भेटू शकतो, ऐकलेलं पोटात ठेवू शकतो, पण तो निकाल देत नाही. दोघांना आपापल्या पायाने एकमेकांपर्यंत आणतो. "काका, तुम्ही मध्यस्थाचं काम केलंत आणि लवादाची सही केलीत. तुमचा निर्णय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण या रीतीने दिलेला निर्णय मला उभा ठेवता येत नाही."

निवाडा रद्द झाला. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. म्हणाल्या, दोघांची तयारी असेल तर आजच हे प्रकरण मध्यस्थीकडे पाठवते. तिथे एकेकट्याने बोलता येतं आणि बोललेलं बाहेर येत नाही.

"माझी तयारी आहे," धाकटा उभा राहिला.

थोरल्याच्या एका कानाशी वकील लागला, दुसऱ्या कानाशी मेहुणा. थोरल्याने मान वळवली आणि मिस्त्रींच्या पलीकडे बसलेल्या एका अनोळखी बाईंकडे रोखून बघायला लागला. त्या बाई अवघडून पदर सारखा करू लागल्या. मला मात्र ठाऊक होतं तो कोणाकडे बघतोय ते. मिस्त्रींनी मान हलवली, हो म्हण, असं. मला वाटलं, म्हणेल. पण मिस्त्रींसारख्या माणसाला सांगायलाच त्याला तीन भेटी लागल्या होत्या. आता परक्या खोलीत, परक्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून.

"नको," थोरला म्हणाला.

करारातलं चौदावं कलम अजून जिवंतच होतं. फक्त मिस्त्रींच्या जागी नवा लवाद नेमायचा, तो दूरच्या गावचा, त्याच्या तारखा, त्याचा खर्च. धाकटा आठ महिने झगडला. सातांपैकी पाच सुतार दुसरीकडे कामाला लागले. मग एक दिवस तोही म्हणाला, "विका."

त्या आठ महिन्यांत मिस्त्री एकदा जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "सूनबाई, फळ्यांचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. सांधा अगदी बेमालूम बसवायचा असला की दोन्ही फळ्या एकाच शिकंज्यात धरतात आणि एकदम रंधा मारतात. एकीत खोट राहिली तर दुसरीत तिच्या उलट राहते, मग बसतात एकमेकींत. मला येत होतं ते." मी म्हटलं, "वही मी जोडली, बाबा. चूक माझी." ते म्हणाले, "वही खरी होती. खऱ्याला कशाला नावं ठेवतेस?" पण त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठले.

शेवटच्या दिवशी सामानाची वाटणी होती. मिस्त्रींना दोघांनीही वेगवेगळा निरोप पाठवला होता, या म्हणून. मी सोबत गेले. मशीनं आधीच गेली होती. जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन तेवढे उरले होते. भिंतीशी लाकूड रचलेलं. थोरला एकेक फळीवर हात फिरवून दोन थप्प्या लावत होता, आणि मिस्त्रींनी मला हळूच कोपराने खुणावलं: चांगली फळी तो धाकट्याच्या थप्पीत टाकत होता. प्रत्येक वेळी.

धाकटा यादी घेऊन आला. "माप घ्यायला हवं. गाडीवाला थांबलाय." माणसं नव्हतीच, त्याने टेप ओढला आणि सवयीने दुसरं टोक थोरल्याच्या हातात दिलं. थोरल्याने ते लाकडाच्या कडेला लावलं. टेपची डबी धाकट्याकडे असायला हवी होती, पण तो यादीत काहीतरी लिहीत होता, म्हणून डबीही थोरल्याने घेतली, ताणली, आणि त्यावर वाकून म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर."

टेप उलटा होता. कोरी बाजू वर. त्यावर एकही आकडा नव्हता.

धाकट्याने वर बघितलं. टेपकडे, मग थोरल्याच्या डोळ्यांकडे. ते टेपच्या शेजारी, जमिनीकडे लागलेले. मग सावकाश वळून मिस्त्रींकडे.  तो आमच्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं. म्हणून टेप..."

"हो."

"कोर्टात एक वाक्य बोलला असतात, काका. एक!"

"तुझंही एक वाक्य माझ्याकडे होतं," मिस्त्री म्हणाले. "ते मी त्याला दिलं असतं तर चाललं असतं तुला?"

 तिकडून थोरल्याने विचारलं, "काय रे, लिहिलंस का?"

आता बोलेल, असं मला वाटलं. आता तरी. समोर भाऊ उभा आहे, मध्ये ना वकील, ना मेहुणा, ना प्लायवूडची भिंत. धाकटा परत गेला. त्याने थोरल्याच्या हातातला टेप अलगद काढून घेतला, सुलटा करून लाकडाला लावला, बघितला.

"हो दादा," तो म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर."

आणि यादीत त्याने एक्क्याण्णव लिहिलं. मी जवळ उभी होते, मला दिसलं.

मला किंचाळावंसं वाटत होतं. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते पेन्सिल कानावरून काढून तिचं टोक बघत होते. मीही तोंड मिटलं. इतकी वर्षं या घरात काढली, आता मलाही जमतं ते.